बंड्याची लघवी तुंबली तेव्हा: ट्रस्टच्या जनावरांच्या दवाखान्याचा आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, दवाखान्याचं नाव लिहिणार नाही. तक्रारी लिहायच्या आहेत आणि त्या लोकांचं मीठही खाल्लंय. मुंबईच्या उपनगरातला, देणग्यांवर चालणारा जनावरांचा दवाखाना, एवढं पुरे.

आम्ही भांडुपला, डोंगराच्या बाजूला राहतो. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मिस्टर टेम्पोवर आहेत. बंड्या आमचा बोका, चार वर्षांचा, पिवळा-पांढरा, दिवसभर मशीनच्या पायट्यावर झोपणारा. त्यामुळे शिवायला बसले की आधी त्याला उठवायचं, मग दोरा ओवायचा.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी तो सारखा मातीच्या घमेल्यात जायला लागला. बसायचा, जोर करायचा, रडवा आवाज काढायचा, बाहेर यायचा, पाच मिनिटांनी परत आत. मला वाटलं, पोट साफ होत नाहीये. चमचाभर एरंडेल पाजलं. नंतर डॉक्टर म्हणाल्या, निम्मे लोक हेच करून येतात. रविवारी दुपारी उलटी झाली आणि तो मोरीत गार लादीवर जाऊन पडला. उचलायला गेले तर पोटाखाली मोसंबीएवढा टणक गोळा हाताला लागला. घमेल्यातली माती आदल्या दिवशीची, तशीच कोरडी.

जवळच्या खासगी क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि सांगितलं, हा गोळा म्हणजे तुंबलेलं मूत्राशय, लघवीचा मार्ग बंद झालाय, आजच्या आज नळी घालावी लागेल. अठरा ते बावीस हजार, त्यातले दहा आत्ता भरा. माझ्याकडे दिवाळीच्या शिलाईचे ऍडव्हान्स धरून चार हजार होते. सासूबाईंचा फोनवर सल्ला, 'परळला बैलघोड्याला घेऊन जा.' परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. जुने लोक त्याला बैलघोडाच म्हणतात, गाडीचे बैल नि टांग्याचे घोडे तिथे यायचे म्हणून. प्राण्यांच्या छळाविरुद्ध मुंबईत १८७४ मध्ये संस्था निघाली, तिचं हे हॉस्पिटल. पेटिटांनी बायकोच्या नावानं दिलेलं. पुढे १८८६ मध्ये पशुवैद्यकीय कॉलेजही तिथेच सुरू झालं. सगळं खरं, पण रिक्षा सायनच्या पुढे जात नाही. रविवारी रात्री लोकलमध्ये एवढं ओरडणारं जनावर पिशवीतून न्यायचं माझ्या जिवावर आलं. क्लिनिकच्याच कंपाउंडरनं हळूच या ट्रस्टचा पत्ता दिला. देव त्याचं भलं करो.

तिथे पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. पन्नास रुपयांचा केसपेपर. डॉक्टर मॅडम वयानं माझ्या भाचीएवढ्या, पण हात पक्का. मला वाटत होतं, लघवीच तर अडकलीय, उशीर झाला तर जरा जास्त दुखेल. त्यांनी समजावलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. लघवी बाहेर पडली नाही की रक्तात पोटॅशियम वाढतं, त्यानं हृदयाचे ठोके मंदावतात, आणि दीड-दोन दिवसांत बोका जातो. बंड्याचे ठोके तेव्हाच मंद पडलेले होते. आधी हृदय सांभाळायचं इंजेक्शन, मग भूल. नळीतून सलाइनचं पाणी मारत मारत मार्गात अडकलेला बोळा मागे ढकलला. बोळा म्हणजे काय, तर चिकट शेंबडासारखं काहीतरी आणि त्यात रेतीसारखे खडे. मॅडमनी कापसावर काढून दाखवला, बाजरीच्या दाण्याएवढा होता. एवढ्याशासाठी जीव जात होता. मग पिशवीत लालभडक लघवी उतरायला लागली आणि वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, 'आला बरं का तुमचा मुलगा परत.' मी बाकावर बसून जी रडले!

पैशांचं खालच्या टेबलावर. आईच्या ऑपरेशनच्या वेळी धर्मादाय हॉस्पिटलचे खेटे घातले होते, म्हणून केशरी रेशनकार्ड सवयीनं पिशवीत टाकलं होतं. माणसांच्या धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे तेव्हापासून पाठ आहे. ती योजना माणसांची. बोक्यासाठी कुठल्या कलमावर बोट ठेवणार? इथे कुणी दिलं तर दिलं. आणि दिलं, हे कबूल करायलाच हवं. तीन दिवस ऍडमिट, नळी, सलाइन, दोनदा रक्त तपासणी, मिळून नऊ हजार चारशे. आम्ही भरले अडीच हजार. बाकीचे त्यांच्या इमर्जन्सी फंडातून.

आता तक्रार. फॉर्म भरून घेणारी ताई, शिकलेली, बोलायला गोड, तिनं विचारलं, 'परवडत नाही तर पाळता कशाला?' वाईट हेतू नसेल. पण बंड्याला मी दुकानातून नाही आणला, पावसात गटाराच्या झाकणावर सापडला होता. फुकटचं घेतोय म्हटल्यावर उत्तरही द्यावं लागतं. दिलं. वर फोटो. दात्यांना दाखवायला लागतो म्हणे. मी म्हटलं, थांबा, तोंड धुऊन येते. त्यांना रडतानाचाच हवा होता की काय कोण जाणे, ताईचा चेहरा पडला. केस नीट बांधून, बोक्याच्या पिंजऱ्यापाशी उभी राहून फोटो काढला. जानेवारीत तो त्यांच्या कॅलेंडरवर आला. खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते भाच्यानं वाचून दाखवलं: एका गरीब बाईचा एकुलता एक आधार. मिस्टर म्हणाले, 'मग मी कोण?' हसलो आम्ही, पण मला ते लागलं. फोटोला सही घेतली होती, ओळीला नव्हती.

दुसरं, पाटीवर 'चोवीस तास' लिहिलंय. रात्री दहानंतर एकच डॉक्टर असतात. रक्ताचं मशीन बंद असलं तर नमुना बाहेर जातो आणि रिपोर्ट सकाळी. फोन वाजतो, उचलत नाहीत. तेव्हा फोन करत बसू नका, सरळ जनावर घेऊन जा.

सोडताना गळ्यात कॉलर हवी होती, नळीची जागा चाटू नये म्हणून. त्यांच्याकडची संपलेली. घरी येऊन आईच्या जुन्या एक्स-रेची फिल्म कापली, कडेला ब्लाउजची पायपीन लावली, मागे वेल्क्रो. गळ्याचं माप साडेनऊ इंच, दोन बोटं सैल. ड्रेसिंगला नेला तेव्हा मॅडमनी फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाल्या, अशा आणखी शिवाल का? तेव्हापासून महिन्याला पाच-सहा देते. फिल्म त्यांची, शिलाई माझी. फुकट घेतल्यासारखं वाटत नाही, हा माझा त्यातला स्वार्थ.

खरी अडचण नंतर कळली. फंड इमर्जन्सीचा आहे, आजाराचा नाही. बंड्याला लिहून दिलेलं खास खाणं आमच्या महिन्याच्या किराण्याच्या निम्म्या भावाचं. त्याला कुठलाही दाता नाही. मॅडमना खरं ते सांगितलं, तर त्यांनी परवडेल असा मार्ग काढून दिला: कोरडे दाणे पूर्ण बंद, सुकट आणि सुके बोंबील बंद, उकडलेलं चिकन त्याच्याच पाण्यात कालवून, मीठ-कांदा-लसूण काही नाही, आणि घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या. हे आधी कळलं असतं तर! शेजारची पोरं लाडानं पाकिटातले दाणे घालायची आणि हा पाण्याला तोंड लावायचा नाही, हे मला दिसत होतं, पण त्याचा लघवीशी संबंध लावला नव्हता.

तरी जानेवारीच्या अखेरीस परत तुंबली. या वेळी मी चार तासांत पोचले, घमेल्याकडे लक्ष असतं आता. काउंटरवर उत्तर मिळालं, 'या महिन्याचा फंड संपला.' तारीख २६. म्हणजे आजारपणानंही तारीख बघून यावं. उपचार थांबवले नाहीत, ते खरं. पण अर्धं बिल आमच्यावर आलं. चार हजार सहाशे, तीन हप्त्यांत फेडले. लवकर आल्यामुळे रक्त बिघडलं नव्हतं, एका रात्रीत नळी निघाली. तिसऱ्यांदा झालं तर ऑपरेशन करून मार्ग मोठा करावा लागेल, असं मॅडम म्हणाल्यात. त्याचा खर्च मी अजून विचारलेला नाही.

तारे किती द्याल, असं भाच्यानं विचारलं. डॉक्टरांना आणि वॉर्डातल्या मावशींना पाचपैकी पाच. फॉर्मच्या टेबलाला दोन. कॅलेंडरला एकही नाही. परवडणारे लोक गाडीतून येतात, 'आमचा पण भटकाच आहे' म्हणून फंडाचा फॉर्म मागतात, तेही बघितलंय. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं पाच मजली हॉस्पिटल झालंय, ज्यांना शक्य आहे त्यांनी तिकडे जावं आणि इथला फंड इथल्यांना उरू द्यावा, असं माझं मत.

फेब्रुवारीनंतर बंड्या ठणठणीत आहे. रोज संध्याकाळी मी घमेलं हलवून ओले गोळे मोजते. दोन असले की देवापुढे दिवा लावते, आणि नसले तर दिव्याआधी चप्पल घालायची असं ठरवून ठेवलंय. परवा सहा कॉलर घेऊन गेले होते. काउंटरवर सहज विचारलं, फंड आहे का? मुलीनं कॉम्प्युटरकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. 'आज एकोणीस ना? आहे अजून.'