‘थ्री स्टार हेरिटेज वाडा’ दाखवला आणि वऱ्हाड उचगावला नेऊन टाकलं

माझ्या भाचीचं लग्न फेब्रुवारीच्या सुरुवातीला कोल्हापुरात झालं. वऱ्हाड नाशिकचं. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत पोहोचतात, ते पाहायला बाहेरगावची माणसं गर्दी करतात. त्यात लग्नसराई. स्टेशन रोड, शाहूपुरी, एसटी स्टँडच्या आसपासचे बरे लॉज आधीच भरलेले होते. या टंचाईवरच ही फसवणूक उभी आहे. नवरात्रात आणि जोतिबाच्या यात्रेतही अशीच टंचाई असते, म्हणून सविस्तर लिहितो.

एका ओळखीतून एजंटाचा नंबर मिळाला. तो आम्हाला गंगावेशीच्या बाजूच्या एका जुन्या वाड्यात घेऊन गेला. वाडा खरोखर देखणा. सागवानी खांब, मधे चौक, शहाबादी फरशी, स्वच्छ खोल्या. समोर फक्त पाचच खोल्या दिसल्या, म्हणून मी बाकीच्या विचारल्या. त्यानं मागच्या कुलूपबंद दाराकडे बोट केलं. “मामा, तिकडं रंगकाम चालू हाय. पावणं येईस्तोवर सगळं तयार. काय काळजी करू नका.” मग मोबाईलवर एक प्रमाणपत्र दाखवलं. वर राजमुद्रा, खाली ‘थ्री स्टार हेरिटेज हॉटेल’, मुदतीच्या जागी ‘आजीवन’. बारा खोल्या, प्रत्येकी ३,२०० रुपये रोज, वर १८ टक्के जीएसटी असा हिशोब झाला. साठ हजार आगाऊ घेतले. क्यूआर कोडवर हॉटेलचं नाव नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. “मालकांचं खातं हाय” असं सांगितलं. पावती व्हॉट्सॲपवर आली, तिच्यावर जीएसटी क्रमांकच नव्हता.

वऱ्हाडाची बस सांगली जिल्ह्यातला पेठनाका ओलांडून पुढे आली तेव्हा त्याचा फोन आला. वाड्याची मोटर जळली, पाणी नाही, पण आमच्याच दुसऱ्या ब्रँचला त्याच दर्जाची सोय केली आहे. ही ब्रँच म्हणजे शहराबाहेर, उचगावच्या पुढे, महामार्गापलीकडे, अर्धवट बांधलेली चार मजली इमारत. पार्किंगमध्ये एक टेबल टाकलेलं, तेच रिसेप्शन. लिफ्टच्या जागी भिंतीत चौकोनी भोक, त्यावर प्लायवूड ठोकलेलं. नवरदेवाच्या आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पोरांनी दुसऱ्या मजल्यावर चढवलं. खोलीत मी स्वतः चादर उलटून पाहिली. कोपऱ्यावर धोब्याच्या शाईनं भलत्याच लॉजचं नाव होतं. रात्री अकरा वाजता दुसरीकडे कुठं नेणार एवढ्या माणसांना? व्याही एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. बहिणीच्या घरचं पहिलं कार्य, आणि तिची मान खाली गेली ती या माणसामुळे. पैशापेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

लग्न आटोपल्यावर वाड्यावर गेलो. मोटर व्यवस्थित चालू होती. मालक वरच्या मजल्यावरच राहतात, खालच्या पाच खोल्या पाहुण्यांना देतात. मागचं कुलूप त्यांच्या भाऊबंदांच्या हिश्श्याचं, तिथं खोल्याच नाहीत. एजंटाला ते ओळखतही नव्हते. घरात कुणी नसताना कामावरच्या पोराला पैसे देऊन तो गिऱ्हाइकांना वाडा दाखवून नेत होता.

त्यानंतर मी हॉटेलांच्या दर्जाचं वर्गीकरण नीट समजून घेतलं, तेव्हा कळलं की ते प्रमाणपत्र वाचताक्षणीच खोटं ठरत होतं. हॉटेलांना स्टार देतं ते केंद्राचं पर्यटन मंत्रालय. एक ते पाच, त्यावर फाइव्ह स्टार डिलक्स. हेरिटेज हा वेगळाच वर्ग आहे आणि त्याला आकडा नसतो. बेसिक, क्लासिक आणि ग्रँड अशा त्याच्या पायऱ्या, आणि वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते. म्हणजे ‘थ्री स्टार हेरिटेज’ असं काही अस्तित्वातच नाही. मान्यता पाच वर्षांसाठी मिळते, मग पुन्हा तपासणी होते. आजीवन कुणालाच मिळत नाही. स्टार हॉटेलला भाड्यानं द्यायच्या किमान दहा खोल्या लागतात. तो पाच खोल्यांचा वाडा बसतो बेड अँड ब्रेकफास्ट या प्रकारात. तिथं मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणं बंधनकारक असतं, खोल्या जास्तीत जास्त सहा, आणि दर्जे दोनच, गोल्ड आणि सिल्व्हर. अशा घरात कुणी बारा खोल्या देतो म्हणत असेल तर तिथंच थांबा.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नाही. स्टार घेणं ऐच्छिक आहे. कोल्हापुरात एकही स्टार नसलेले कितीतरी लॉज, यात्री निवास आणि धर्मशाळा अतिशय नेटक्या आहेत, त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही. उलट बुकिंगच्या ॲपवर नावाखाली दिसणारे तारे पुष्कळदा ग्राहकांनी दिलेले गुण असतात, नाहीतर मालकानं स्वतः भरलेला आकडा. मंत्रालयाच्या ‘निधी’ पोर्टलवरची नोंदणीही स्टार म्हणून दाखवली जाते. नोंदणी वेगळी, वर्गीकरण वेगळं. कोणता वर्ग, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या पत्त्यासाठी, हे तिन्ही विचारा. दुसऱ्या ब्रँचला पहिलीचा दर्जा लागू होत नाही, मान्यता त्या त्या वास्तूची असते.

जीएसटीतही लूटच होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्केच कर आहे. तो १८ टक्के मागत होता, आणि क्रमांक नसलेल्या पावतीवर घेतलेला तो कर सरकारकडे गेलाच नसणार.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० वर करा, आणि लगेच करा. रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. आम्ही लग्नाच्या गडबडीत असताना आमची रक्कम खात्यातून निघून गेली होती. सेवेबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तिथला अर्ज मी भरतो आहे. खोट्या प्रमाणपत्राची फिर्याद पोलिसांत वेगळी दिली आहे. चॅट, पावती, प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट, लिफ्टच्या भोकाचा आणि चादरीच्या कोपऱ्याचा फोटो, सगळं जोडलं आहे.

वाड्याच्या मालकांनीही आपली तक्रार दिली, पण तेच फोटो आता चैत्री यात्रेसाठी नव्या नावानं फिरत आहेत. सागवानी खांब, मधे चौक आणि ‘बारा खोल्या उपलब्ध’ असा मेसेज तुमच्याकडे आला तर एक पैसाही पाठवण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि नंबर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत कळवा.