लोअरिंग स्प्रिंग म्हणून कापलेल्या स्प्रिंगा गळ्यात मारतात, पैसे देण्याआधी टोकं बघा

गाडी जरा खाली बसवायची होती म्हणून ऑनलाइन जाहिरातीवरून चार लोअरिंग स्प्रिंगांचा सेट मागवला. विकणारा म्हणाला नव्या आहेत, फक्त बॉक्स नाहीये, आणि वर "कॉम्प्रेसरची पण गरज नाही, हाताने बसतात, घरीच टाका." (कॉम्प्रेसर म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं स्क्रूचं हत्यार, हवेचा नाही.) हे वाक्य कुणी बोललं की तिथेच थांबा. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगला दाबायला जोर कमी लागतो हे खरं, पण चाक पूर्ण लटकत असतानाही ती वरच्या-खालच्या सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंगची टोकं टेकतात त्या बैठकांमध्ये, थोडी तरी दाबलेली राहायलाच हवी.

मागची बाजू आधी घेतली. गाडी जॅक स्टँडवर, शॉकअपचे खालचे बोल्ट काढून एक्सल खाली सोडला, जुनी स्प्रिंग काढून ही टाकली, शॉकअप परत जोडले आणि सहज हात लावला तर स्प्रिंग जागेवर गरगर फिरली. म्हणजे रस्त्यावर मोठ्या खड्ड्यात चाक खाली लटकलं की ती सीटवरून सुटणार, आणि परत बसताना वाकडी बसली तर संपलंच.

बाहेर काढून टोकाचा रंग पॉलिश पेपरने घासला तर खाली ग्राइंडरच्या रेघा. अजून घासल्यावर कंपनीच्या स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात ना, तसला जुना ठिपका पण निघाला. माझ्या जुन्या स्प्रिंगशेजारी उभी केली, तारेची जाडी तीच, वळणांची ठेवण तीच, फक्त वरचा दीडेक वेढा गायब. रंग मात्र झकास मारलेला, त्याबद्दल तक्रार नाही.

काही जण म्हणतील कापलेली चालते की. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, पण गाडी आधीच खाली आल्यामुळे शॉकअप लगेच बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आपटतो. आणि मूळ टोक सीटच्या आकाराचं असतं, कापलेलं टोक रबरात घुसतं. गरम करून उंची कमी केलेल्या स्प्रिंगा तर अजून वाईट, पोलादाचं टेंपर (उष्णता देऊन आणलेला चिवटपणा) जातं आणि त्या दबून खाली बसतच राहतात. वेढे एका बाजूला जवळजवळ दिसले तर लगेच घाबरू नका, प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग (जितकी दाबाल तितकी जास्त कडक होणारी) तशीच असते. पण डावी-उजवी एकमेकांशेजारी ठेवून उंचीत फरक दिसला तर परत पाठवा.

विकणाऱ्याने पुढच्या चाकांसाठी व्हिडिओ पण पाठवला होता, त्यात कॉम्प्रेसर न लावताच स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या जोडणीचा) वरचा नट खोलत होते! गाडीवरच्या मूळ स्प्रिंगला असं केलं तर वरचा माउंट गोळीसारखा उडतो. कॉम्प्रेसर समोरासमोर दोन लावायचे, आळीपाळीने हाताच्या पान्यानेच फिरवायचे, इम्पॅक्ट गन नको, आणि स्प्रिंग सीटवर सैल झाल्याशिवाय त्या नटला हात नाही. बुशचे (सांध्यातल्या रबरी बुशांचे) बोल्ट शेवटी गाडीचं वजन चाकांवर आल्यावर टाइट करायचे, मग अलाइनमेंट.

विचारलं तर "रेसिंगवाल्या अशाच असतात" म्हणाला, फोटो पाठवले तसं त्याने ब्लॉक केलं. पैसे थेट खात्यात घेतले होते, त्यामुळे साइटवाले पण हात वर करून मोकळे. जुन्याच स्प्रिंगा परत टाकल्यात. तुम्ही घेत असाल तर आधी चारही स्प्रिंगांच्या दोन्ही टोकांचे जवळून फोटो आणि छापलेला पार्ट नंबर मागा, मधल्या वेढ्यांचेच फोटो येत राहिले तर सोडून द्या.