पहिला साप घ्यायचाय? रेडिंगजवळच्या एका दुकानाबद्दल

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत हे सापांचं दुकान आहे. बाहेरून निव्वळ गोदाम. आत पाऊल टाकलं की ऊब जाणवते आणि लाकडाच्या भुश्याचा वास येतो. कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, परवाना दर्शनी भागात लावलेला आहे. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार प्राणी विकायला तो लागतो, आणि त्यावर एक ते पाच स्टारही मिळतात. दुकान निवडताना आधी तेवढं बघून घ्या.

साप मुलीला हवा होता, पण पावती माझ्या नावावर आहे, कारण इथे सोळा वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकताच येत नाही. मी मूळची इस्लामपूरची. बत्तीस शिराळा जवळच, त्यामुळे साप बघून मी किंचाळत नाही. आईला मात्र फोनवर सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आणि त्याला दूध कोण पाजणार?" साप दूध पीत नाही हे तिला अजून पटलेलं नाही.

मुलीने काचेतून पसंत केला तो रॉयल पायथन, म्हणजे अजगराची एक छोटी जात. पिवळ्या ठिपक्यांचा, गुटगुटीत, हातात घेतला की वेटोळं करून गप्प बसणारा. विकणाऱ्या पोराने सरळ सांगितलं, "पहिलाच साप असेल तर हा घेऊ नका." ही जात मनात आलं की महिनोन् महिने उपाशी राहते. धडधाकट मोठ्या सापाचं त्याने काही बिघडत नाही, पण नवख्या माणसाची झोप उडते. त्यात दमट हवा सांभाळायची, आणि पंचवीस-तीस वर्षं जगतो तो. महागड्या सापाचं गिऱ्हाईक समोर असताना असं सांगणारा दुकानदार मला तरी विरळाच भेटलाय.

मग त्याने कॉर्न स्नेक दाखवला. मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातला, वाढून चार-पाच फूट, आयुष्य पंधरा-वीस वर्षं. इथे दुकानाची खरी जमेची बाजू कळली, ती म्हणजे त्यांची वही. प्रत्येक पिल्लाचं पान वेगळं: अंड्यातून कधी निघालं, कधी काय खाल्लं, कात कधी टाकली. आमच्या पिल्लाने एकही जेवण नाकारलेलं नव्हतं. तरी मी म्हटलं, समोर खाऊ घालून दाखवा. त्याने गोठवलेलं उंदराचं पिल्लू पिशवीत घालून कोमट पाण्यात धरलं, पुसलं आणि चिमट्याने पुढे केलं. जीभ दोनदा लवलवली, झडप, दोन वेटोळी, आणि मग डोक्याकडून सावकाश गिळणं सुरू. मुलगी खूश, मी जरा दुसरीकडे बघत होते. त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर उलटी करतो. म्हणून आम्ही तो पुढच्या आठवड्यात घरी आणला.

रंगावर भाळू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. खाण्याची नोंद बघा. डोळे स्वच्छ आहेत का, तोंडाशी बुडबुडे नाहीत ना, शेपटीच्या टोकाला जुनी कात अडकलेली नाही ना, खवल्यांच्या फटीत बारीक काळे किडे नाहीत ना, तेही बघा. डोळे दुधाळ निळसर असतील तर घाबरू नका, तो कात टाकायच्या बेतात असतो.

आता तक्रारी. 'नवशिक्यांसाठी' अशी पाटी लावलेल्या फळीवर हॉग्नोज जातीचा साप ठेवला होता. छोटा, नाक वर केलेला, गोंडस. पण त्याच्या जबड्यात मागे दात असतात आणि सौम्य विषही असतं. माणसाला सहसा धोका नसला तरी बिनविषारी म्हणून तो विकू नये. दुसरी तक्रार त्यांच्या तयार किटची. त्यात तापवायची चटई आहे, पण तिची उष्णता आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट नाही! त्याशिवाय चटई लावलीत तर साप भाजू शकतो. थर्मोस्टॅट वेगळा घ्या. खोक्याची एक बाजू २८ ते ३० अंश, दुसरी विशीच्या आसपास, म्हणजे साप हवं तिकडे सरकतो. झाकणाला कुलूपही घ्या. हे प्राणी पळण्यात पटाईत असतात.

पैशाचं म्हणाल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. साप पन्नास पौंडांचा, त्याचा संसार तीनशेच्या पुढे. खायला मात्र फारसा खर्च नाही: पिल्लाला आठवड्याला एक उंदीर, मोठा झाला की दहा-चौदा दिवसांनी. त्यासाठी फ्रीजरमध्ये वेगळा झाकणाचा डबा ठेवलाय, आणि सापाला हात लावला की साबणाने हात धुणं सक्तीचं, कारण साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंची भीती असते.

भारतातल्या मंडळींनी हे वाचून घराजवळची धामण पकडून आणू नये. आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

दुकान रविवारी बंद असतं. शनिवारी शाळकरी पोरांची झुंबड असते, तेव्हा वही दाखवायला कुणाला सवड नसते. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जा.