जेल-क्लॉट एलएएल किट: वापरून पाहणाऱ्यांसाठी

अटलांटिक किनाऱ्यावरचा हॉर्सशू क्रॅब जिवाणूंनी भरलेल्या चिखलात जगतो. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं, माणसाला ताप आणणारं विष) त्याच्या निळ्या रक्तात शिरलं की अमीबोसाइट पेशी आतले कण बाहेर टाकतात, फॅक्टर सी (रक्त गोठण्याची साखळी सुरू करणारं प्रथिन) जागा होतो आणि रक्त तिथल्या तिथे गोठून जिवाणूंना अडकवतं. याच पेशींचा अर्क (लायसेट) सुकवून कुपीत भरला की झालं एलएएल, म्हणजे लिम्युलस अमीबोसाइट लायसेट. औषधांत एंडोटॉक्सिन आहे का, हे त्याने तपासतात.

काम सोपं: 10×75 मि.मी. काचेच्या नळीत 0.1 मि.लि. नमुना, 0.1 मि.लि. लायसेट, 37 अंशांवर 60 मिनिटं. मग नळी एका ओघात उलटी करायची. गोळा तळाशी घट्ट राहिला तर पॉझिटिव्ह, घसरला तर निगेटिव्ह. मधेच नळी उचलून डोकावू नका. अर्धवट जमलेला गोळा एकदा मोडला की पुन्हा जमत नाही आणि दूषित नमुना पास होतो. त्यामुळे हलणाऱ्या वॉटर बाथपेक्षा ड्राय ब्लॉक बरा.

काच 250 अंशांवर निदान 30 मिनिटं भाजलेली हवी. तुलनेसाठी वापरायचं प्रमाण (स्टँडर्ड) एंडोटॉक्सिन काचेला चिकटतं, आपसात गोळा होतं. किटच्या पत्रकात दिलेला वेळ व्हॉर्टेक्स केलं (यंत्रावर जोरात घुसळलं) नाही तर पुढचं प्रत्येक सौम्य द्रावण चुकतं. कंट्रोल बिघडले की दोष लायसेटला दिला जातो, पण आधी हे तपासा.

खरी परीक्षा औषधांच्या नमुन्यात. ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) असेल, पीएच 6 ते 8 च्या बाहेर असेल, तर एंडोटॉक्सिन असूनही गोळा न जमण्याची शक्यता असते. म्हणून नमुन्यात 2 लॅम्डा (लॅम्डा म्हणजे किटची संवेदनशीलता, गोळा जमवणारं कमीत कमी प्रमाण) एंडोटॉक्सिन घालून केलेला कंट्रोल जमलाच पाहिजे. त्याशिवाय निगेटिव्ह निकालाला किंमत नाही. नाही जमला तर नमुना सौम्य करा, पण मर्यादेत: 0.25 ईयू/मि.लि. (ईयू म्हणजे एंडोटॉक्सिन युनिट) मर्यादेला 0.125 लॅम्डाचं किट फक्त दुप्पट सौम्य करू देतं, 0.03 चं जवळपास आठपट. कटकटीच्या नमुन्यांना 0.03 चंच घ्या. सेल्युलोज फिल्टरमधून आलेल्या नमुन्यात बीटा-ग्लुकनमुळे (सेल्युलोजमधून सुटणारी साखरेची साखळी, जिनेही लायसेट गोठतं) खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. ग्लुकन अडवणारा बफर सोबत मागवा.

दिवसाला मोजकेच नमुने असतील तर हे किट बिनधास्त घ्या. आकडाच हवा असेल तर नको, हे फक्त हो किंवा नाही सांगतं. फ्लोरेसन्स रीडर आधीच असेल, तर रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत जनुकतंत्राने बनवलेल्या) फॅक्टर सी कडे वळा: त्यात ग्लुकनचा त्रास नाही आणि एकाही खेकड्याचं रक्त काढावं लागत नाही.