मोन्झाची लाल फियाट, गिरगावच्या कारखान्यातून

मामांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गिरगावातील खेतवाडीच्या एका गल्लीतल्या छोट्या कारखान्याकडून मी 1922 सालच्या फियाट 804 या शर्यतीच्या मोटारीची प्रतिकृती करून घेतली. मामांची सारी नोकरी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, म्हणजे मुंबईकर ज्या गाडीला शेवटपर्यंत फियाटच म्हणत आला त्या गाडीच्या जुळणीत गेली. त्यामुळे भेट फियाटचीच हवी होती, आणि फियाटच्या शर्यतींच्या इतिहासात 10 सप्टेंबर 1922 या दिवसाइतका भरगच्च दिवस मला दुसरा दिसत नाही. त्या दिवशी इटलीतल्या मोन्झाच्या नव्याकोऱ्या मार्गावर पहिल्यांदा इटालियन ग्रां प्री ही मोटारींची मोठी शर्यत झाली आणि पिएत्रो बोर्दिनो याने ती याच मोटारीतून जिंकली.

प्रतिकृती सुमारे 30 सेंटिमीटर लांबीची असून ती एका सागवानी पाटावर बसवली आहे. मला सर्वाधिक आवडला तो हा पाट, कारण त्यावर मोन्झाचा मूळचा 10 किलोमीटरचा मार्ग कोरून काढलेला आहे. या मार्गाचे दोन भाग होते: साडेपाच किलोमीटरचा, साध्या रस्त्यासारखा वळणावळणांचा एक, आणि साडेचार किलोमीटरचा, उतरत्या कडांचा वेगवान वळसा हा दुसरा. हे दोन्ही भाग एकमेकांना छेदतात, परंतु एका पातळीवर नव्हे. सँडहर्स्ट रोड स्थानकात हार्बरची गाडी वरून आणि मुख्य मार्गाची गाडी खालून जाते, तसाच इथे वेगवान वळसा पुलावरून जातो आणि रस्ता त्याच्या पोटाखालून निघतो. कारागिराने हा पूल काडेपेटीच्या काडीएवढ्या जाडीच्या तुकड्यांतून उभा केला आहे, आणि भिंग लावून पाहिले तरी सांधा दिसत नाही.

हा मार्ग बांधला गेला ती हकिगत मी कारखान्यात सांगितली, तेव्हा हातातले काम थांबवून सगळ्यांनी ती ऐकली. मिलानच्या ऑटोमोबाइल क्लबने आपल्या पंचविसाव्या वर्षानिमित्त हे काम हाती घेतले. फेब्रुवारी 1922 च्या अखेरीस फेलिचे नाझारो आणि व्हिन्चेन्झो लान्चिया या दोन नामवंत चालकांच्या हस्ते पायाभरणी झाली, पण हा मार्ग ज्या बागेतून जाणार होता तिचे सौंदर्य आणि झाडी यांच्या रक्षणासाठी सरकारने काम रोखले. शेवटी आराखडा लहान करून 15 मे रोजी कामाला प्रारंभ झाला. साडेतीन हजार मजूर, 30 मालमोटारी आणि सामान वाहण्यासाठी खास टाकलेली पाच किलोमीटरची छोटी रेल्वे, एवढ्या तयारीवर 110 दिवसांत सारे उभे राहिले. जुलैच्या अखेरीस बोर्दिनो आणि नाझारो यांनी संपूर्ण मार्गावर मोटार चालवूनही पाहिली होती. आपल्याकडे एका पुलाच्या कामाला लागणारा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्यांचे मोल निराळे सांगायला नको.

आता मोटारीविषयी. लाल रंग, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, तारांची चाके, आणि चालकाशेजारी मेकॅनिकची जागा, कारण त्या काळी शर्यतीत मेकॅनिक सोबत बसत असे. पत्राकाम अत्यंत स्वच्छ आहे. मूळ मोटारीचे इंजिन सहा सिलिंडरांचे, 1,991 सीसीचे होते, कारण त्या वर्षापासून नियमाने इंजिनाची मर्यादा तीन लिटरवरून दोन लिटरवर आणली होती. बॉनेट उघडत नाही, त्याची मला हरकत नाही.

मामांनी मात्र बॉनेटकडे पाहिलेच नाही. त्यांनी मोटार हलकेच उलटी धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मागचा ॲक्सल दाखव." ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस. त्यांचे बरोबर होते. त्याच वर्षी जुलैमध्ये स्ट्रासबर्गला झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये याच मोटारींचा मागचा ॲक्सल दगा देत गेला. आघाडीवर असलेला बोर्दिनो शर्यत संपत आली असताना त्यामुळेच बाद झाला आणि फेलिचे नाझारोचा पुतण्या बियाजिओ याचा जीव गेला. शर्यत फेलिचे नाझारोनेच जिंकली. ज्याने विजयाच्या दिवशी घरचा माणूस गमावला, तो दोन महिन्यांच्या आत मोन्झाला पुन्हा त्याच जातीच्या मोटारीत बसला, हे मला आजही अंगावर येते. तिथे सुरुवातीच्या रेषेवर आठच मोटारी होत्या. सरावात ऑस्ट्रो-डेमलरचा चालक ग्रेगोर कून मरण पावल्यामुळे त्या मोटारी उतरल्याच नाहीत. ॲक्सल या खेपेस 800 किलोमीटर टिकला. बोर्दिनो पहिला, नाझारो दुसरा आणि बुगाटीचा पिएर द व्हिझकाया तिसरा आला. प्रतिकृतीत ॲक्सलचे आवरण, स्प्रिंगचे पाटे आणि त्यांचे बोल्ट वेगवेगळे घडवलेले आहेत, आणि मामांनी ते बोटाने चाचपून पाहिले. कारखान्याला याहून मोठी पावती मी देऊ शकत नाही.

एक चूक झाली होती. पाटावरच्या पितळी पट्टीवर "पहिली इटालियन ग्रां प्री, मोन्झा 1922" असे कोरले गेले. पहिली इटालियन ग्रां प्री त्याआधी एक वर्ष, 4 सप्टेंबर 1921 रोजी ब्रेशियाजवळ मोन्तिकियारी येथे झाली. तिथे उतरलेल्या सहा मोटारींपैकी तीन फियाट आणि तीन फ्रान्सच्या बॅलो होत्या. बोर्दिनोने आघाडी घेऊन सर्वांत वेगवान फेरीही मारली, पण त्याची मोटार बंद पडली आणि ज्यूल गू याने ताशी सुमारे 144 किलोमीटरच्या सरासरीने बॅलो विजयी केली. दुसरा क्रमांकही बॅलोचाच आला. फियाटचा आपल्याच भूमीवरचा हा पराभव लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या वर्षीच्या बोर्दिनोच्या विजयाची गोडी कळत नाही, म्हणून पट्टी बदलून द्यावी, असा आग्रह मी धरला. कारखान्याच्या मालकांनी वाद न घालता आठवड्याभरात नवी पट्टी करून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत.

किंमत 18,500 रुपये पडली आणि दहा आठवडे लागले. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो, हे त्यांनी आधीच सांगितले होते. उजव्या बाजूच्या मागच्या चाकाजवळ रंगाचा एक ओघळ राहिला आहे. काचेची पेटी वेगळी घ्यावी लागते, आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ती अवश्य घ्यावी, कारण खाऱ्या हवेत पितळ लगेच काळवंडते. नव्या पट्टीवर आता "इटालियन ग्रां प्री, मोन्झा, 10 सप्टेंबर 1922" एवढेच आहे, आणि ती मामांनी स्वतःच्या हाताने, जुन्या सवयीप्रमाणे समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळत बसवली.