ट्रॅकिओस्टॉमी: खाटेवर की थिएटरमध्ये, आज की थांबून?

श्वासासाठी तोंडातून घातलेली, व्हेंटिलेटरला जोडलेली नळी आठ-दहा दिवस झाले तरी निघत नाही, तेव्हा आयसीयूचे डॉक्टर नातेवाइकांना बोलावून ‘ट्रॅकिओस्टॉमी करावी लागेल, सही करा’ असं सांगतात. म्हणजे गळ्याला पुढून छिद्र पाडून श्वासनलिकेत थेट नळी बसवायची. घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा जागेचा असतो: खाटेवरच करणार की थिएटरमध्ये नेणार? खरं तर प्रश्न तीन आहेत: जागेचा, वेळेचा आणि वर्षभराने रुग्ण कसा असेल याचा. रुग्णाच्या पुढच्या वर्षाचा विचार केला, तर तिन्हींत जागेचा प्रश्न सगळ्यांत हलका.

खाटेवर बहुतेकदा सुई आणि तारेच्या आधाराने छिद्र रुंद करत नळी बसवतात. सिआग्लिया या सर्जनने १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत. व्हेंटिलेटरसकट रुग्ण हलवण्याची जोखीम टळते, जखम चिघळण्याचं प्रमाण कमी असतं, व्रणही लहान राहतो. मृत्यूच्या प्रमाणात मात्र थिएटरमधल्या शस्त्रक्रियेपेक्षा ठळक फरक दिसलेला नाही. पहिल्या आठवड्यात नळी चुकून निघाली, तर खाटेवरच्या पद्धतीत ती परत बसवणं जास्त अवघड असतं. लहान मूल, मानेवर आधी झालेली शस्त्रक्रिया, बोटांना खुणाच लागत नाहीत अशी जाड मान असेल, तर उघडी शस्त्रक्रियाच बरी. श्वासनलिका पुढे अरुंद होण्याचा धोका दोन्हीकडे आहे. घरी गेल्यावर काही महिन्यांनी श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर दमा समजून पंप मारत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

दुसरा प्रश्न वेळेचा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘ट्रॅकमॅन’ चाचणीत ९०९ रुग्ण होते. काहींना पहिल्या ४ दिवसांतच ट्रॅकिओस्टॉमी, बाकीच्यांना १० दिवसांनंतर, तीही गरज उरली तर. लवकर केलेल्या आणि थांबलेल्या गटांत अनुक्रमे ३० दिवसांतले मृत्यू ३०.८ आणि ३१.५ टक्के, दोन वर्षांतले ५१ आणि ५३.७ टक्के. हा फरक योगायोगापलीकडचा म्हणता येत नाही. थांबलेल्यांपैकी जेमतेम ४५ टक्क्यांवर ती करावी लागली. म्हणून ‘आजच का?’ हे नि:संकोच विचारा. नळी काढून पाहिली आणि पुन्हा घालावी लागली, कफ स्वतःला काढता येत नाही, ही कारणं मला पटतात. झोपेची औषधं कमी होतात, तोंड मोकळं होतं, पुढे झडप लावून अनेकांना बोलताही येतं, हे फायदेही खरे आहेत. आवाज कायमचा जातो ही भीती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी आहे.

तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही: वर्षभराने माणूस कसा असेल? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात अशा, दीर्घकाळ व्हेंटिलेटर लागलेल्या १२६ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. ५६ टक्के जगले, पण स्वतःचं स्वतः करू शकणारे होते केवळ ९ टक्के. रुग्ण वर्षभर जगेल अशी खात्री ९३ टक्के नातेवाइकांना होती, डॉक्टरांपैकी निम्म्यांनाही नव्हती. ही दरी मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते, कारण सही त्या आशेवर होते.

अर्थात मूळ आजार काय, यावर सगळं फिरतं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करून स्नायू लुळे पाडणाऱ्या गियां-बारे सिंड्रोमचे, बरेच रुग्ण आढळले. त्या आजारात नसा सावरायला महिने लागतात, पण पुष्कळजण सावरतात. तिथे मी ट्रॅकिओस्टॉमीला कचरणार नाही. ऐंशी पार केलेलं, आधीच अंथरुणाला खिळलेलं, किडनीही निकामी झालेलं माणूस असेल, तर आधी ‘ठरावीक दिवस प्रयत्न करू, मग पुन्हा बसून बोलू’ असं डॉक्टरांशी ठरवावं. उपचार थांबवण्याचा मार्गही कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली.

नळीसह घरी न्यायचं ठरलं, तर नळीतला कफ ओढून काढणारं सक्शन मशिन, वीज गेल्यावर चालेल असं पायाने चालवायचं दुसरं मशिन आणि एक नंबर लहान अशी जादा नळी आधी घरात आणा. रात्री सक्शन ज्याच्या अंगावर पडणार आहे, त्याने डिस्चार्जपूर्वी सिस्टरसमोर ते स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा करून पाहावं.