बीडिंग-स्कर्टिंगसाठी १६५ मिमीचं बॅटरीवरचं मायटर मशीन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

१८ व्होल्टचं, १६५ मिमी पात्याचं स्लायडिंग मायटर मशीन, म्हणजे पट्ट्या हव्या त्या कोनात कापणारं; त्याचं डोकं (मोटर आणि पातं) रॉडवरून पुढे-मागे सरकतं. बॅटरीसकट वजन सात किलोच्या आसपास. काम कुठलं? चौकटीभोवतीचं आर्किट्रेव्ह, काचेची सागवानी बीडिंग, एमडीएफचं स्कर्टिंग. चौकटीचाच माल कापायचा असेल तर हे घेऊ नका, दहा इंची वायरचं मशीन घ्या. बरेच जण ॲल्युमिनियमवाल्यांच्या कटरवर बीडिंग मारून घेतात. शंभर दातांच्या पात्याने कट गुळगुळीत येतो, पण साइटवर आपटून-आपटून त्याच्या ४५ अंशांच्या खुणेवर भरवसा राहिलेला नसतो.

भरवसा या मशीनच्या खुणेवरही लगेच ठेवायचा नाही. खोक्यातून काढल्यावर फेन्स (पट्टी टेकवायची मागची उभी कड) पात्याशी काटकोनात आहे की नाही ते बघा. बॅटरी काढा, पातं खाली करून अडकवा आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) पात्याच्या चपट्या अंगाला टेकवा. दाताला टेकवलात तर माप चुकतं, कारण दात अंगापेक्षा जाड असतात. मग दोन्ही कडा समांतर असलेली १०० मिमी रुंद फळी ९०वर कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेली टोकं फेन्सला धरूनच भिडवा. फट दिसली तर खरी चूक तिच्या निम्मी. फेन्सचे बोल्ट ॲलन कीने सैल करून जुळवा. अर्ध्या अंशाने काय बिघडतं म्हणाल, तर ७५ मिमीच्या आर्किट्रेव्हचे दोन्ही कट अर्धा-अर्धा अंश चुकले की कोपऱ्याला जवळजवळ दोन मिमीची फट पडते. सागवानात ती लांबी (पुटी) भरूनही लपत नाही.

भिंतीचा कोपरा ९० कधीच नसतो. तो ९२ भरला की मशीन ४६वर लावायचं असं पुष्कळांना वाटतं. ते उलटं आहे: १८०तून ९२ वजा, त्याचं निम्मं, म्हणजे ४४.

सोबत आलेलं २४ दातांचं पातं ठोकळे कापायला ठीक, बीडिंगला नाही. कड फाटते. ४० ते ४८ दातांचं टीसीटी (टंगस्टन कार्बाइडच्या दातांचं) पातं लावा, आणि ते घेताना १६५ मिमी व्यास, २० मिमी भोक असं स्पष्ट सांगून मागवा, कारण हार्डवेअरच्या दुकानात पटकन हाती येतात ती चार आणि सात इंचीच. पात्याखालची फट रुंद असते, त्यामुळे पातळ पट्टीचे तंतू खाली उसकतात. ६ मिमी एमडीएफचा एक तुकडा तळाला आणि एक फेन्सला दुहेरी टेपने चिकटवून त्यातूनच एक कट मारून घेतला की प्रश्न मिटतो.

सागात तेल असतं आणि सिलिकाही. तेलाने पात्यावर काळी राळ जमते, मग कट जळतो आणि लोक बॅटरीला दोष देतात. पातं काढून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा. राळ काढूनही जळत असेल तर सिलिकाने धार गेलेली असते. बॅटरी मात्र ५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेचीच हवी. २ एएचची लोडखाली दबते, पातं मंदावतं.

आता हलकेपणाची किंमत. डोकं पुढे ओढून खाली दाबलं की मशीन पुढे कलतं. १८ मिमी प्लायच्या ९०० × ४०० मिमी फळीवर ते बोल्टने बसवा आणि दोन्ही बाजूंना टेबलाच्या उंचीचे ठोकळे द्या, नाहीतर आठ फुटी पट्टी लोंबते आणि कट तिरका येतो. पट्टी अरुंद असेल तर स्लाइड मागे लॉक करून नुसतं खाली दाबा, कारण रॉड पुढे आले की किंचित हलतात.

१०० मिमीचं स्कर्टिंग फेन्सला उभं बसत नाही. आडवं ठेवून डोकं ४५ला कलवावं लागतं आणि ते फक्त डावीकडे कलतं. जोडीच्या तुकड्यासाठी तोंड वरच ठेवून पट्टी फिरवायची, म्हणजे फेन्सला वरच्या कडेऐवजी खालची कड येते.

१५० मिमीपेक्षा छोटा तुकडा हाताने धरू नये, क्लॅम्प लावावा. आणि पातं थांबेपर्यंत डोकं उचलायचं नाही, नाहीतर कापलेलं टोक खोलीभर उडतं.

धुळीची पिशवी नावालाच. एमडीएफला व्हॅक्यूम जोडाच आणि मास्क लावा. पावसाळ्यात रॉडवर गंज धरतो. तिथे ग्रीस लावलं तर भुसा चिकटून स्लाइड अडकते, म्हणून कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रेचा हलका हात पुरतो.